काट्याच्या पावतीतली उरलीसुरली मेमरी : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

साखर कारखान्याच्या काटा केबिनमधल्या प्रोग्रामचं काम हातात घेतलं. प्रोग्राम सी या भाषेत लिहिलेला, ३२-बिट लिनक्सवर चालणारा. ज्यांनी लिहिला ते केव्हाच दुसऱ्या उद्योगाला लागलेत. सोर्स (मूळ कोड) त्याच मशीनवर पडून आहे, एवढं नशीब.

तक्रार अशी : बैलगाड्यांच्या पावतीवर निव्वळ वजन मधूनच कमी येतं. ट्रक-ट्रॅक्टरवाले काही बोलत नाहीत. एका गाडीवानानं दोन खेपांच्या पावत्या आणून दिल्या. पहिलीवर भरलेलं वजन २८६० किलो, रिकामं ६१०, निव्वळ २२२७. दुसरीवर २८४०, ६१० आणि निव्वळ २१२९. ऊस वीस किलोनं कमी, पण पावती ९८ किलोनं खाली. टनाला तीन हजार धरले तरी एका खेपेत दोनशेच्या वर रुपये गेले. काटामारी हा शब्द त्यानं तोंडावरच ऐकवला आणि त्याच्या जागी कुणीही ऐकवला असता.

काट्यावरचे मामा मात्र ठाम : "काटा बरोबर हाय साहेब. समोरचा लाल आकडा मी रोज बघतोय. गडबड कागदावर होतीया."

मामांचं म्हणणं पटतंय. भरलेलं आणि रिकामं हे दोन्ही आकडे पावतीवर नीट आहेत. वैध मापनशास्त्र विभागाचं पथक प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासून गेलं तरी काटा पास होणार, कारण घोळ वजन झाल्यानंतरच्या गणितात आहे. २८४० वजा ६१० म्हणजे २२३०. त्यातून साडेचार टक्के काढले तर २१२९.६५ उरतात आणि अपूर्णांक छाटला की २१२९. पहिल्या पावतीत २२५० मधून एकच टक्का गेलाय. म्हणजे एकाच गाडीला सकाळी हातानं तोडलेल्या उसाची वजावट (पाला-पाचटापोटी कापायचं वजन) लागली आणि दुपारी यंत्रानं तोडलेल्या उसाची. बैलगाडीत यंत्राचा ऊस येईल कुठून?

३ डिसेंबर

सोर्स लॅपटॉपवर घेतला. ६४-बिटवर बांधला तर जुनी डेटा फाइल वाचताच येईना, सगळे आकडे सरकलेले. पावतीचा स्ट्रक्ट (सगळी माहिती ओळीनं ठेवणारा मेमरीचा तुकडा) जसाच्या तसा एफराइट या फंक्शननं फाइलमध्ये टाकलाय. तिकडे तो ४० बाइटचा, माझ्याकडे ४८. कारण दोन. ३२-बिटवर वेळेचा आकडा चार बाइटचा असतो, माझ्याकडे आठ. शिवाय ६४-बिटवर या आठ बाइटच्या आकड्याला आठच्या पटीतलाच पत्ता लागतो. त्यामुळे त्याच्या आधी चार बाइटची रिकामी जागा पडते. एम-३२ (३२-बिटसाठी बांध) हा पर्याय देऊन बांधला, फाइल सरळ वाचली गेली.

४० बाइटची मांडणी लिहून ठेवतो, पुढे लागेल. ० ते ३ पावती क्रमांक, ४ ते ७ वेळ, ८ ते १९ गाडी नंबर, २० ते २३ भरलेलं वजन, २४ ते २७ रिकामं, २८ वर गाडीचा प्रकार (एकच अक्षर), २९ ते ३१ पॅडिंग (नुसती भरीची रिकामी जागा), ३२ ते ३९ वजावटीचा टक्का (डबल, म्हणजे अपूर्णांक ठेवणारा आठ बाइटचा आकडा).

जीसीसी या कंपायलरला सगळे इशारे चालू करून ओ-२ या वेगाच्या पातळीवर बांधलं. टक्का भरायचा राहतोय असा संशय, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. अपेक्षाही नव्हती. इनिशियलाइज न केलेल्या (पहिली किंमत न भरलेल्या) व्हेरिएबलचा इशारा मुख्यतः फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलांसाठी असतो. मॅलॉकनं (मेमरीचा तुकडा मागणाऱ्या फंक्शननं) आणलेल्या स्ट्रक्टमधलं एखादं फील्ड भरायचं राहिलं, तर ते कंपायलरच्या नजरेत सहसा येत नाही.

५ डिसेंबर

इंडिकेटरकडून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याकडून) सिरियल पोर्टवर येणारे बाइट मामांच्या मशीनवर रेकॉर्ड करून आणले. सोकॅट या अवजारानं दोन खोटे टर्मिनल एकमेकांना जोडले, एका टोकाला प्रोग्राम आणि दुसऱ्या टोकाला रेकॉर्डिंग. घरबसल्या काटा तयार.

बैलगाडीच्या पावत्या काढत बसलो. प्रत्येक वेळी वजावट शून्य! एक टक्का नाही, साडेचारही नाही, चक्क शून्य. केबिनमध्ये एक किंवा साडेचार, माझ्याकडे शून्य, आणि कोड तोच.

फरक एवढाच की मी दर चाचणीला प्रोग्राम नव्यानं सुरू करतोय, तिकडे हंगामात तो दिवसचे दिवस बंदच होत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, मेमरीचं जे नवं पान देतो ते शून्यांनी भरलेलं असतं. दुसऱ्या प्रोसेसचा डेटा हाती लागू नये म्हणून ती काळजी घ्यावीच लागते. त्यामुळे मॅलॉकनं नव्या पानातून तुकडा काढून दिला की त्यात आयती शून्यं मिळतात. ही शून्यं मॅलॉकनं कबूल केलेली नाहीत. पण टेबलावरच्या चाचणीत ती मिळत राहतात आणि लिहिणाऱ्याला वाटतं, सगळं आलबेल आहे.

उद्या व्हॅलग्राइंड, मेमरीच्या चुका शोधणारं अवजार.

६ डिसेंबर

व्हॅलग्राइंडनं आधी सुरूच व्हायला नकार दिला. ३२-बिट प्रोग्रामसाठी ग्लिबसीची (लिनक्सवरच्या सी लायब्ररीची) ३२-बिट डीबग माहिती वेगळी बसवावी लागते. ती बसवली.

मेमचेक (व्हॅलग्राइंडमधलं न भरलेली मेमरी पकडणारं अवजार) चालवलं. पावतीच्या गणितावर तक्रार येईल असं वाटलं होतं, कारण टक्का तिथंच वापरला जातो. तिथं काहीच नाही. तक्रार आली ती भलत्याच ठिकाणी : भरलेलं वजन घेतल्यावर पावती "बाकी गाड्या" फाइलमध्ये लिहिताना, राइट या सिस्टिम कॉलला (कर्नलकडे केलेल्या मागणीला) दिलेल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) इनिशियलाइज न केलेले बाइट आहेत. जागा म्हणून ४,०९६ बाइटच्या ब्लॉकमधला २९वा बाइट दाखवला. तो ब्लॉक म्हणजे फाइलचा स्टँडर्ड बफर. २९ म्हणजे पॅडिंग.

सोर्सच्या फोल्डरमध्ये मेमचेकची एक सप्रेशन फाइलही (कुठल्या तक्रारी दाखवू नयेत त्याची यादी) सापडली. आधीच्या कुणीतरी नेमकी हीच तक्रार त्यात टाकून गप्प केली होती, वर शेरा "पॅडिंग आहे, हरकत नाही". शेरा वरवर खराच आहे. स्ट्रक्ट सबंध फाइलमध्ये लिहिणाऱ्या शंभर प्रोग्रामांत ही तक्रार येते आणि बहुतेक वेळा ते पॅडिंगच निघतं.

तरी पडताळलं. व्हॅलग्राइंडला जीडीबी हा डीबगर (प्रोग्राम थांबवून आत बघायचं अवजार) जोडता येतो. व्हीजीडीबी-एरर शून्य ठेवलं की प्रोग्राम सुरुवातीलाच थांबून जीडीबीची वाट बघतो. एफराइटच्या आधी ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) टाकला आणि मॉनिटर गेट-व्हीबिट्स या आज्ञेला स्ट्रक्टचा पत्ता आणि ४० ही लांबी दिली. मेमचेक मेमरीतल्या प्रत्येक बिटामागे स्वतःकडे एक बिट राखून असतं : इथं किंमत भरलीय की नाही. भरलेल्या बाइटला ०० दिसतं, न भरलेल्याला एफएफ.

एकोणतीस वेळा ०० आलं. पुढे एफएफ, एफएफ, एफएफ, आणि थांबेचना. अकरा एफएफ. पॅडिंग तर तीनच बाइटचं. उरलेले आठ म्हणजे ३२ ते ३९, अख्खा वजावटीचा टक्का.

सिस्टिम कॉलच्या तक्रारीत मेमचेक पहिला न भरलेला बाइट तेवढा दाखवतं. पहिला होता पॅडिंगचा, त्याच्या मागे खरा चोर उभा. पॅडिंग म्हणून सप्रेशन टाकलं की दोघंही सुटले. (गाडी नंबरच्या बारा बाइटांत मात्र सगळे ००. तो स्ट्रिंग-एन-कॉपीनं भरलाय आणि ते फंक्शन उरलेल्या जागेत शून्यं भरतं. त्याच्यावर एरवी लोक चिडतात, इथं कामाला आलं.)

आणि गणितावर तक्रार का नाही, तेही सुटलं. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येते तेव्हा पावती फाइलमधून एफरीडनं वाचली जाते. कर्नलकडून आलेले बाइट मेमचेकच्या हिशेबी भरलेलेच असतात. कचरा एकदा डिस्कवर जाऊन आला की धुतल्या तांदळासारखा. त्यानंतर त्यानं कितीही वजन कापलं तरी कुणी हटकणार नाही. म्हणून राइटवरची तक्रार ही या टक्क्याबाबत पहिलीही होती आणि शेवटचीही.

७ डिसेंबर

टक्का भरला का जात नाही, ते पाच मिनिटांत दिसलं. तोडणीचा प्रकार विचारणारं एक फंक्शन आहे. ट्रक किंवा ट्रॅक्टर असेल तर हात की यंत्र ते विचारून टक्का भरतं. बैलगाडी असेल तर पहिल्याच ओळीत परत फिरतं. विचार सरळ होता : बैलगाडीत यंत्राचा ऊस नसतो, मग क्लार्कला कशाला विचारा. न विचारणं ठीकच, पण न विचारता टक्का भरायला हवा होता.

आता साडेचार येतो कुठून. ग्लिबसीमध्ये २.२६ पासून, म्हणजे २०१७ पासून, टीकॅश आहे. फ्री केलेला (वापरून परत केलेला) छोटा तुकडा त्याच मापाच्या यादीत सगळ्यात पुढे लागतो आणि त्या मापाची पुढची मागणी आली की तोच परत मिळतो. फ्री करताना तुकड्यातला मजकूर पुसत नाहीत. ३२-बिटवर पहिल्या आठ बाइटांत टीकॅश आपली नोंद लिहितं, बाकी तसंच राहतं. पहिले आठ म्हणजे पावती क्रमांक आणि वेळ, ते दोन्ही नव्यानं भरले जातात. ३२ ते ३९ ला कुणी हात लावत नाही.

म्हणजे आधीच्या गाडीचा टक्का बैलगाडीच्या पावतीत बसतो. आधी हाताच्या तोडणीचा ट्रॅक्टर गेला असेल तर एक, यंत्राचा असेल तर साडेचार. जीडीबीत दोन्ही मॅलॉकचे पत्ते पाहिले, आकडा न् आकडा तोच.

मामांच्या आवक वहीशी हे आधी जुळत नव्हतं. वहीत बैलगाडीच्या आधी हाताचा ट्रॅक्टर आणि पावतीत साडेचार. मग लक्षात आलं की काटा एकच आहे. रिकामी होऊन जाणारी गाडीही तोच तुकडा घेते, वापरते, सोडते. आवक-जावक एकत्र वेळेनुसार लावली तेव्हा सगळ्या पावत्या जुळल्या. बैलगाडीमागे बैलगाडी आली तर तिच्या आधीच्या गाडीचा टक्का वारशानं पुढे चालत राहतो.

९ डिसेंबर

कारखान्यातल्या संगणक विभागाला हे सांगितलं. लगेच उत्तर : "मॅलॉकच्या जागी कॅलॉक टाका, एका शब्दाचं काम." कॅलॉक तुकडा शून्यं भरूनच देतं, त्यामुळे टाकलं तर मेमचेक गप्प होईल हे खरं. पण बैलगाडीला शून्य टक्के लागतील, आणि शून्य हा आकडा कुणी ठरवला? कॅलॉकनं. कारखान्याच्या तक्त्यात बैलगाडीला शून्य कुठंच नाही. आज शेतकऱ्याचं वजन मारलं जातंय, उद्या कारखान्याचं जाईल. वर ते कुठल्याच अवजारात दिसणार नाही, कारण शून्य ही भरलेली किंमत आहे.

तक्रार कशीही गप्प करण्याच्या या हट्टापायी मोठी किंमत मोजली ती डेबियन या लिनक्स प्रणालीनं. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतल्या, यादृच्छिक (अंदाज बांधता न येणारे) आकडे बनवणाऱ्या फाइलमधल्या एका फंक्शनवर व्हॅलग्राइंड कुरकुरायचं, कारण तिथं न भरलेला बफर मुद्दामच मिश्रणात टाकलेला होता. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीतून ती ओळ काढली गेली. तिच्याच तोंडावळ्याची दुसरी ओळ दुसऱ्या फंक्शनमध्ये होती, तीही काढली, आणि खरी यादृच्छिकता त्याच ओळीतून आत येत होती. मिश्रणात उरला फक्त प्रोसेस क्रमांक. लिनक्सवर तो तेव्हा नेहमीच्या सेटिंगमध्ये ३२,७६८ च्या आत असायचा, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका मापाच्या किल्ल्या तेवढ्याच. डेबियनच्याच लुचियानो बेल्लोच्या हे लक्षात आलं आणि १३ मे २००८ ला जाहीर झालं. तोवर डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) किल्ल्या जगभरच्या सर्व्हरांवर जाऊन बसल्या होत्या.

तिथं तक्रार खोटी नव्हती आणि इथंही नाही. तक्रार बंद कशी करायची यात वेळ घालवण्यापेक्षा त्या जागी किंमत काय असायला हवी ते विचारणं स्वस्त पडतं. आमच्या बाबतीत ते शेतकी विभागच सांगू शकतो. फोन केला. उत्तर लेखी हवं म्हटल्यावर चिठ्ठी आली : बैलगाडीला हाताच्या तोडणीचाच दर, एक टक्का.

१० डिसेंबर

दुरुस्ती. पावती तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये टक्का उणे एक ठेवला, अर्थ "अजून ठरला नाही". तोडणीच्या फंक्शनमध्ये बैलगाडीची फांदी लिहिली, एक टक्का. निव्वळ वजन काढण्याआधी टक्का उणे असेल तर पावती छापायची नाही, पडद्यावर लाल ओळ. पॅडिंगच्या तीन बाइटांना नाव देऊन स्ट्रक्टमध्ये घेतलं आणि शून्य केलं. फाइलची मांडणी ४० बाइटचीच राहिली, जुन्या पावत्या वाचता येतात. सप्रेशन फाइल उडवली.

मॅलॉक मॅलॉकच ठेवलाय. उद्या कुणी नवं फील्ड घालून भरायला विसरलं तर मेमचेकला ते दिसलं पाहिजे.

दुरुस्तीच्या आधीचा प्रोग्राम एकदा मॅलॉक-फिल देऊनही चालवला, या पर्यायानं व्हॅलग्राइंड नव्या तुकड्यात आपण सांगू तो बाइट भरतं. सवयीनं एए दिला. पावत्या साळसूद, वजावट शून्य! आठही बाइट एए असलेला डबल म्हणजे उणे ३.७ गुणिले दहाचा उणे १०३ वा घात, त्याचा टक्का काढून काय कापणार. एफई दिला तेव्हा बैलगाडीचं निव्वळ वजन उणे २१४७४८३६४८ किलो छापून आलं. डबलसाठी कचरा निवडायचा तर असा, जो पावतीवर ओरडेल.

११ डिसेंबर

दुरुस्त आवृत्तीवर मेमचेक, ट्रॅक-ओरिजिन्स लावून. हा पर्याय किंमत कुठून आली ते सांगतो आणि वेग आणखी निम्मा करतो. काटा एरवीही गाड्यांची वाटच बघत असतो, त्यामुळे अडचण नाही.

एक तक्रार उरलीच होती : अक्षरांचा आकडा करणाऱ्या स्ट्रटॉलच्या आत, निर्णय न भरलेल्या किमतीवर अवलंबून आहे, उगम वजन वाचणाऱ्या फंक्शनचा स्टॅक (तात्पुरती मेमरी). तक्रार ग्लिबसीच्या आत म्हणून ग्लिबसीचा दोष, असं वाचायचं नसतं. मेमचेक नुसत्या कॉपीवर बोलत नाही. त्या किमतीवरून फांदी ठरली, पत्ता बनला किंवा ती सिस्टिम कॉलला गेली, तरच बोलतं. त्यामुळे दोष एका ठिकाणी आणि बोंब दुसऱ्या ठिकाणी, हे नेहमीचंच.

इथं रीड कॉल पूर्ण फ्रेम (इंडिकेटरनं एका वेळी पाठवलेली अक्षरं) आणेल असं धरलंय. ९६०० बॉडला (पोर्टच्या वेगाला) एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पोर्ट रॉ मोडमध्ये असला की जेवढी अक्षरं आली तेवढी घेऊन रीड परततो. परतलेली संख्या कुणी बघत नाही, शेवटी शून्य बाइटही लावत नाही. उरलेले अंक त्याच स्टॅकवर पडलेल्या मागच्या फ्रेममधून येतात, आणि गाडी काट्यावर स्थिर असते तेव्हा मागची फ्रेमही तीच असते. म्हणून आजवर निभावलं. गाडी चढत-उतरत असताना क्लार्कनं बटण दाबलं तर निम्मे अंक आताचे आणि निम्मे मघाचे. मामा आकडा थांबल्याशिवाय बटण दाबत नाहीत, म्हणून वाचलो.

फ्रेमच्या शेवटच्या खुणेपर्यंत वाचत राहायचं, आलेल्या बाइटांनंतर शून्य लावायचं आणि लागोपाठच्या दोन फ्रेम जुळल्या तरच वजन धरायचं, असं बदललं.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरचं मेमरीसॅनिटायझर हे सगळं जास्त वेगानं करतं, पण माझ्याकडच्या क्लँगमध्ये ते ३२-बिटसाठी नाही आणि जोडलेल्या सगळ्या लायब्रऱ्याही त्याच्यासह बांधाव्या लागतात, नाहीतर खोट्या तक्रारी. सोडून दिलं. संगणक विभागातल्या एकानं अ‍ॅड्रेससॅनिटायझर लावून बघितलं आणि "काही सापडलं नाही" कळवलं. सापडणार नाहीच. ते हद्दीबाहेरची आणि फ्री झालेली मेमरी पकडतं, न भरलेली किंमत हा त्याचा विषय नाही.

जीसीसी १२ पासून स्टॅकवरची व्हेरिएबलं आपोआप भरून देणारा पर्यायही आहे, शून्यानं किंवा एफईनं. केबिनच्या मशीनवर शून्याचा लावायला हरकत नाही, सुरक्षेच्या दृष्टीनं चांगलाच. मेमचेकच्या चाचणीला बांधताना मात्र लावू नये. त्यानं मेमचेकच आंधळं होतं.

१३ डिसेंबर

पहाटे गव्हाणीवर गर्दी कमी असताना नवा प्रोग्राम केबिनच्या मशीनवरच बांधून बसवला. यंत्राचा ट्रॅक्टर रिकामा होऊन गेला आणि लगेच बैलगाडी आली. निव्वळ वजनात एक टक्का कापलेला.

१६ डिसेंबर

जुन्या पावत्यांचा हिशेब. टक्का फाइलमध्येच साठवलेला असल्यानं शोधणं सोपं. बैलगाडीच्या नोंदी वेगळ्या काढल्या. एक टक्क्याच्या सगळ्यात जास्त, त्या योगायोगानं बरोबर. साडेचारच्या आहेत तिथं फरक द्यावा लागेल. शून्याच्या थोड्या आहेत, बहुधा लाइट गेल्यावर प्रोग्राम नव्यानं सुरू झाला तेव्हाच्या. त्या गाडीवाल्यांना जास्त मिळालंय. यादी शेतकी विभागाला दिली. साडेचारच्यांचा फरक येत्या पंधरवड्याच्या बिलात धरणार आहेत. शून्यवाल्यांकडून वसुली करायची की नाही हे ते ठरवतील, माझा सल्ला नको असा.

मामांची एक मागणी राहिलीय : वजावटीचा टक्का आणि किलो पावतीवर वेगळ्या ओळीत छापायचे. आजवर पावतीवर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ एवढंच होतं, वजावट कुणाला दिसतच नव्हती. डॉट मॅट्रिक्सच्या छापील फॉर्मवर तेवढी जागा नाही. वाहतूकदाराच्या सहीची ओळ खाली सरकवून बसतं का ते पुढच्या फेरीत बघायचं. नवे फॉर्म छापायला द्यायच्या आधी कळवा म्हणून स्टोअरला सांगून आलोय.